गोजाबाईंच्या कपाळावरचा डाग

खर्डी स्टेशनबाहेर महेंद्रचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे निळा पडदा, एक स्टूल आणि झेरॉक्सचं मशीन. माणसं आधारकार्डाची झेरॉक्स काढायला येतात आणि मशीन गरम होईपर्यंत महेंद्रशी बोलतात.

दोन वर्षांपूर्वी मुंबईचा एक कलावंत जवळच्या फार्महाऊसवर डॅगेरोटाइप करायला आला. चांदीच्या पाटीवर थेट उमटणारा फोटो. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. कलावंताचा उत्साह तीन आठवडे टिकला. जाताना त्याने लाकडी कॅमेरा आणि आयोडीनची पेटी मदतनीस महेंद्रला देऊन टाकली. बावन्नाव्या वर्षी महेंद्र आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला, आणि ती गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच बंद पडलेली होती.

त्याला एकच पाटी साधायची होती, आईची. गोजाबाईंना कंपवात झाला होता. डॉक्टर म्हणाले, थरथर आज हातात आहे, वर्षभरात मानेत येईल. या फोटोला उन्हात दोन मिनिटं मान स्थिर लागते. महेंद्रला घाई होती, चांदीला नव्हती.

तांब्याच्या पाट्यांवर चांदीचा मुलामा मुरबाडचा चांगो चढवायचा. मुरबाडला नोकरीला जाणारी बहीण मनाली त्या घेऊन यायची. महेंद्र पाटी मखमलीने घासायचा, आयोडीनची वाफ देऊन सोनेरी करायचा, आईसमोर कॅमेरा उघडायचा आणि मग पाटी लाल काचेखाली उन्हात ठेवायचा. दोन तासांनी गोजाबाई उमटायच्या. कपाळावर काळा डाग घेऊन.

"तुझा बाप जाऊन बारा वर्सं झाली," गोजाबाई म्हणाल्या, "आन् आता मला कुंकू लावतोस काय रे?"

महेंद्रने पेटीचं झाकण बदललं. डाग आला. भिंग पुसलं, हातमोजे घातले, मखमल नवी आणली. डाग आला, कधी जरा डावीकडे, एवढाच फरक.

"दादा, मोबाइलवर काढ आन् मोकळा हो," मनाली म्हणाली. महेंद्र तिच्याशी चार दिवस बोलला नाही.

डिसेंबरात सुरू झालेलं हे काम मार्चात आलं. मनाली तापाने पडली, म्हणून महेंद्र स्वतः मुरबाडला गेला. चांगोने पाटी धुतली, वाळवली, कुंकवात बोट बुडवून मधोमध टिकली लावली, हात जोडले आणि मग अंगठ्याने ती पुसून पाटी पुढे केली.

"हे काय?"

"नवी चांदी कोरी देत नाय आमी," चांगो म्हणाला. "तुमचं फोटोचं काम, म्हणून पुसून देतो. दुसऱ्यांना नाय पुसत."

पुसलं होतं ते डोळ्यांपुरतं. अंगठ्याचं तेल आयोडीनला बरोबर सापडत होतं. महेंद्रने आणखी एक पाटी करून घेतली, कोरी. चांगोने ती दिली, पण तोंड वाकडं करून.

तोवर थरथर मानेत आली होती. जुन्या काळी असे फोटो काढताना डोकं मागून लोखंडी चिमट्यात धरत. महेंद्रने वेल्डरकडून तसा चिमटा करून आणला, आईच्या डोक्यामागे लावला आणि स्क्रू आवळायला घेतला.

"बांध, बांध," गोजाबाई म्हणाल्या. "मेल्यावर बांधणारच ना तुमी. सवय झालेली बरी."

महेंद्रने चिमटा काढून बाजूला ठेवला आणि तसाच कॅमेरा उघडला.

पाटी निर्दोष आली. लुगड्याची घडी न् घडी, भिंतीचे पोपडे, खुर्चीच्या वेताची वीण. मानेच्या वर धुकं. डाग नव्हता. कपाळही नव्हतं.

गोजाबाईंनी पाटी मागून घेतली. असा फोटो तिरपा धरला तरच दिसतो. सरळ धरला की चांदीचा आरसा होतो. थरथरत्या हातात ती तिरपी राहीना. गोजाबाई बराच वेळ स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"बेस आलाय की रे," त्या म्हणाल्या. "माझ्यासारखाच हालतो. आता दुसरा नको काढू."

"नाय काढत, आये," महेंद्र म्हणाला.