पितळी टोकांच्या टिपऱ्या

ही गोष्ट मी घरीही कधी सांगितली नाही. कोणी नोकरीतल्या आठवणी विचारल्या की दुसरंच काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे.

तेव्हा मी भोपाळमध्ये एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपलगतच्या ठाण्याचा प्रमुख होतो. रस्त्यावर लूटमार करणाऱ्या एका टोळीकडून आम्ही रिव्हॉल्वर पकडलं होतं. त्यातली काडतुसं वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून घरीच बनवलेली होती. गोळी सुटली की पितळी पुंगळी थोडी फुगते. पुन्हा भरायची तर पोलादी रिंगमधून दाबून ती मापात आणावी लागते. त्या दाबण्याचे उभे ओरखडे या पुंगळ्यांवर स्पष्ट होते. त्या भरणारा कोण, हे आम्हाला हवं होतं.

एक भंगारवाला आमचा जुना खबऱ्या. तो सकाळीच आला.

"साहब, आपके ही मराठी भाई हैं. टाउनशिप के टर्नर. खोखे की टोपी ठोककर निकालते हैं, फिर रिंग में दबाते हैं."

खोखा म्हणजे पुंगळी. पंच घेऊन आम्ही त्या लेथ-कामगाराच्या क्वार्टरवर गेलो. बाकावर पोलादी रिंग होती, हाताने चालवायचं दाबयंत्र होतं आणि डबाभर पुंगळ्या, साऱ्यांवर तसेच ओरखडे. मला आणखी काय हवं होतं?

"अहो साहेब, या टिपऱ्यांच्या टोकांना बसवतो मी," टर्नर म्हणाले. "गणपतीत मुली खेळतात ना, त्यांच्यासाठी. गोळीबाराच्या रेंजवरून भंगारात येतात त्या. फुगलेल्या एका मापाच्या नसतात, म्हणून दाबून घेतो."

"आणि काडतुसांची दारू कुठे ठेवता?"

त्यांच्या पत्नी दारातून कडाडल्या, "दारू कसली? टिपऱ्या वाजल्या की गोळ्या सुटतात का हो तुमच्याकडे?"

शिपाई हसला. मला ते लागलं. जीप दारापर्यंत आणता आली असती. मी ती बाजाराच्या कोपऱ्यावरच ठेवायला सांगितली आणि टर्नरना बेड्या घालून गणपतीच्या मांडवासमोरून चालवत नेलं. लोकांनी पाहावं, एवढाच हेतू होता. मांडव बांधणाऱ्यांचे हात थांबले. त्याच संध्याकाळी कारखान्याने टर्नरना निलंबित केलं. गुन्हा सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती आणि क्वार्टरही.

चौकशीत मी आवाज चढवला, धमकावलं. ते एकच सांगत राहिले, "टिपऱ्यांसाठी, साहेब."

मुद्देमाल तपासणीला पाठवायचा म्हणून मालखान्यात सील करायला बसलो. पुंगळ्या घरंगळू नयेत म्हणून टेबलावर उलट्या उभ्या केल्या आणि हात थांबला. प्रत्येकीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी जुनी टोपी जागच्या जागी होती, घोड्याच्या ठोक्याने खोलगट झालेली. काडतूस पुन्हा भरायचं तर ती टोपी काढून नवी बसवावीच लागते. इथे एकही काढलेली नव्हती. छाप्याच्या वेळी मी डबा पाहिला होता, पुंगळी उलटी करून पाहिली नव्हती.

मग खबऱ्याचं वाक्य आठवलं. टोपी ठोकून काढतात, असं तो म्हणाला होता. टर्नर तर काढतच नव्हते. मग हे त्याने कुठे पाहिलं?

त्याला चहाला बोलावलं. "टोपी किससे निकालते हैं वो?"

"पतली कील से, साहब. अंदर से," तो झटकन बोलून गेला आणि कप हातातच राहिला.

त्याच्या गोदामात टोप्या काढलेल्या पुंगळ्या, रिंग आणि दारू सापडली. टोळीला काडतुसं तोच पुरवत होता. संशय दुसरीकडे जावा म्हणून, आपल्याकडून पुंगळ्या नेणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव त्याने आम्हाला दिलं होतं.

टर्नरना सोडावं, असा अहवाल मी कोर्टात दिला. कारखान्याने त्यांना परत कामावर घेतलं. क्वार्टर राहिलं. माझं कौतुक झालं ते खरा आरोपी पकडल्याबद्दल.

त्या गणपतीत मंडळाने मला बोलावलं. मुली टिपऱ्या खेळल्या. पितळेवर पितळ असं खणखणत होतं की टाळ्या ऐकू येईनात. टर्नर पुढच्या रांगेत बसून ठेका धरत होते. त्यांच्या पत्नींनी माझ्यासमोर मोदकाची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या साहेब, उलटा करून तपासून घ्या हवं तर." सगळे हसले, टर्नरही हसले.

मग माईक माझ्या हातात आला. बेड्या दाखवल्या त्या याच मांडवासमोर, पाहणारे हेच लोक. मी सर्वांना शुभेच्छा दिल्या आणि खाली बसलो.

टर्नर फोरमन होऊन निवृत्त झाले, भोपाळमध्येच कोलार रोडला घर बांधलं. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा चहा पिऊन परतलो. आता ते नाहीत. टिपऱ्या मात्र अजून खेळल्या जातात, त्यांच्या नाती खेळतात असं ऐकतो. पुंगळीचं बूड आधी पाहावं, हे मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला शिकवलं. का, ते सांगितलं नाही.

माईकवर एवढंच म्हणायचं होतं: "या माणसाचा काहीही दोष नव्हता. यांना तुमच्यासमोरून बेड्या घालून नेलं ते मी. मंडळी, तुमच्यासमोरच यांची माफी मागतो."