रुळांमधला भुईआवळा

माझी पोट्टी चेतना नवा रायपुरच्या एका संस्थेत औषधावर काम करते. आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले लोक तिले 'जडीबुटीवाली दीदी' म्हणतात. म्हणू दे! लिव्हरवर पुन्हापुन्हा मार बसला की आत जखमेसारखे व्रण पडतात अन् ते कडक होत जाते. दोन वर्षांपासून ती भुईआवळ्यातला एकेक घटक वेगळा काढून उंदरांवर तपासून राहिली. त्यातल्या एकानं हे व्रण कमी होऊन राहिले, असं तिले दिसलं. त्या कामावर तिची पकड तिच्या साहेबापेक्षा जास्त आहे. हे मी बाप म्हणून नाही सांगत, साहेब स्वतःच म्हणतो.

आता नशीब पाहा, तेच व्रण माझ्या लिव्हरवर निघाले. शुगर, अन् रिटायर झाल्यावर सुटलेलं पोट. डॉक्टरनं गोळी दिली, चालायले सांगितलं. मी म्हटलं, "चेतना, घरचं औषध असताना मी बाहेरची गोळी काहून खाऊ? आण ना एक शिशी."

"नाही बाबा. हे अजून माणसाले दिलंच नाही कोणी. किती द्यायचं, काय त्रास होते, काहीच माहीत नाही."

मले असा राग आला! उंदराले मिळते, बापाले नाही? मी भैय्यालाल, बत्तीस वर्षं रेल्वेत गँगमन. मले झाड ओळखता येत नाही का? सकाळी फिरायच्या नावानं निघायचो अन् भनपुरीकडच्या सायडिंगवर, रुळांमध्ये उगवलेला भुईआवळा उपटून आणायचो. चेतना बसनं गेली की माझी बायको सत्यभामा मिक्सरमध्ये रस काढून द्यायची. "पोरीले सांगा," ती रोज म्हणायची. मी रोज डोळे वटारायचो. दोन महिने चाललं हे.

मग रक्ताचा रिपोर्ट आला, पार बिघडलेला. डॉक्टर म्हणाले, "गोळी झेपत नाही वाटते यांना. बंद करू." चेतना बाजूले बसली होती. तिचा चेहरा एकदम उतरला, कारण त्या गोळीवरच तिची भिस्त होती. डॉक्टरनं पेन उचललं, तवा माझ्या तोंडून निघालंच, "थांबा साहेब. मी चोरून रस पिऊन राहिलो."

सगळं सांगितलं. डॉक्टरनं रस बंद केला, गोळी ठेवली, महिन्यानं पुन्हा रक्त तपासायले बोलावलं. बाहेर आल्यावर चेतनानं विचारलं, "झाड कुठून आणत होते?"

"रुळांमधून."

ती जागीच थांबली. "बाबा! तिथं तर गवत मारायचं औषध फवारतात. तुम्हीच फवारत होते ना, नाकाले गमछा बांधून?"

अरे बापा! बत्तीस वर्षं जिथं घाम गाळला, तिथं उगवलेलं मले आपल्या अंगणातलंच वाटलं. फवारा डोक्यातही आला नाही.

वाटलं, आता ओरडेल. ती रडायले लागली, भर रस्त्यात. "औषध होईल बाबा. आज नाही, पण होईल, मले पक्कं माहीत आहे. उंदीर मेला तर मी दुसरा आणते. दुसरा बाप कुठून आणू?"

महिन्यानं रिपोर्ट सुधारला. गोळी मी आता रोज तिच्यासमोर घेतो, अन् तिचं औषध बाजारात येईल त्या दिवसापर्यंत जगायचं मी पक्कं केलं आहे.