पाकिटावर लिहिलेली पोळी

आमच्या सेक्टरमधल्या मेडिकलवाल्या काकू गोळ्यांची पट्टी कापण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतात, "खाल्लं का?" उत्तर मिळेपर्यंत त्यांची कात्री चालत नाही.

त्या दिवशी शाळेतून परतणारी नववीतली एक मुलगी पोट धरून आली. जठराला सूज कशानं येते, हे तिनं घडाघडा सांगितलं. तिच्या शाळेत वाटलेल्या आरोग्याच्या पत्रकातलंच ते होतं, आणि ते पत्रक मीच लिहिलं होतं. काउंटरपाशी उभी असलेली मी सुखावले.

काकू म्हणाल्या, "एवढं मालूम हाय, तर उपाशी कावून राहून राहिली व पोरी?"

"पप्पा फर्स्ट शिफ्ट करून तीनला येतात, आंटी. उनके पहले घर में कोई नहीं खाता."

माझं डोकं तापलं. बापाला जाऊन चार शब्द सुनावावेत, असं वाटलं. काकूंनी मात्र गोळ्यांच्या पाकिटावर ठळक लिहिलं: 'दुपारी एक वाजता दोन पोळ्या, भाजी. मग गोळी. उशीर चालणार नाही.'

"मम्मीले दाखव. भुकेचं कोणी ऐकत नाही, दवाईचं ऐकतात."

आठवड्यानं ती पुन्हा आली. पोट बरं होतं.

"आंटी, एक पाकीट मम्मीच्या नावानं पण लिहून द्या ना."

काकूंनी काहीही न विचारता पेन उघडलं.