ठोकळेवाली

पहारवाल्याच्या अंगावर मांस असं नव्हतंच. वारा सुटला की बायको म्हणायची, "अहो, खिशात दोन दगड ठेवा, नाहीतर उडाल." आणि हाच काडीपैलवान एका पहारेच्या जोरावर कारखान्यातली यंत्रं, दुकानांतल्या तिजोऱ्या, एकदा तर छापखान्याचं अख्खं धूड या खोलीतून त्या खोलीत हलवून मोकळा झाला. लोक तोंडात बोटं घालायचे. त्यात जादू कसली? पहारेखाली टेकू लागतो. टेकू वजनाच्या जितका जवळ, तितका जोर कमी लागतो. वजन मात्र तितकंच कमी वर येतं. फुकट काही मिळत नाही. बोटभर उचलायचं, तेवढ्यात खाली लाकडी ठोकळा सरकवायचा, की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून ठोकळा सरकवणारं माणूस भरवशाचं हवं. त्याच्या पहिल्या जोडीदाराने ठोकळा अर्धवट असतानाच "बसला!" अशी आरोळी ठोकली. याने जोर सोडला, वजन खाली आलं, पहार उसळली आणि याची करंगळी भिंतीशी चेचली. ती गेलीच.

"उद्यापासून मी येते," बायको म्हणाली. "दहा बोटांचा नवरा म्हणून केला होता, नवाचा झाला. आणखी किती कमी होऊ देऊ?"

तेव्हापासून डोकी पांढरी होईपर्यंत हीच जोडी. तो दाबायचा, ती ठोकळा सरकवायची, मुठीने ठोकून बघायची आणि मगच म्हणायची, "बसला." त्याशिवाय तो जोर सोडत नसे, आणि ती उगाच कधी म्हणत नसे. लोक तिला ठोकळेवाली म्हणायचे. नाव तिला आवडायचं.

मग तिच्याच अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. बाई अंगाने भरलेली, याला ती हलेना. डॉक्टरांनी बजावलं, सारखी कूस बदला, नाहीतर पाठ चिघळेल. मुलगी म्हणाली, "आईला मी नेते. आमच्याकडे हाताशी माणसं आहेत."

"आणि मी?"

"सासूबाईंच्या खोलीत आणखी एकच खाट बसते, बाबा."

"मग नको. मी बघतो. आजवर काय काय उचललंय!"

"ठीक. पण पाठीला जखम दिसली, तर तुमचं एक ऐकणार नाही."

तो लगेच कामाला लागला. खाटेच्या कडेवर जुनी गोधडी घडी करून ठेवली, तो टेकू. त्यावरून लांब फळी गादीखाली घातली. बाहेरचं टोक दाबलं की गादीसकट बायको अलगद कलायची.

"मी काय... तिजोरी?" ती कशीबशी म्हणाली.

"तिजोरीपेक्षा जड. आणि किल्लीही नाही."

ती अर्ध्या तोंडाने हसली. पण कललेली पाठ तशीच राहावी म्हणून खाली उशी सरकवायला कुणीतरी हवं ना! शेजारीण सकाळी येऊन जायची. तिला तिचं घर होतं. फळीला वजन टांगून पाहिलं, तर फळी निसटली आणि बायको किंचाळली. मग तो एका हाताने फळी दाबून दुसऱ्या हाताने काठीने उशी ढकलायचा. ती वाकडी जायची.

"बसली का गं?"

ती मान हलवायची. नाही. खोटं बोलायची सवय नव्हती ना! पुन्हा दाबा, पुन्हा ढकला. हात भरून आले की तो टेकून उभा राही, आणि तेवढ्यात कूस बदलायची राहून जाई.

मुलगी आली, तिने आईची पाठ पाहिली. कमरेवर लालबुंद चट्टा, मध्ये कातडी गेलेली. ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"गाडी खाली उभी आहे, बाबा."

"मलम लावतो. दोन दिवस दे."

"नाही."

गाडीवाले दोघे चादरीची झोळी घेऊन आले. चादर पाठीखाली घालायला आधी तिला कलवायला हवं होतं. ते हात घालणार तोच पहारवाला म्हणाला, "थांबा. ते माझं काम आहे." त्याने फळी दाबली. बायको कलली. मुलीने चादर आत सारली. ती मध्येच गोळा झाली.

"झालं, बाबा. सोडा."

तो सोडेना. दंडाच्या शिरा तटतटल्या.

"बाबा, सोडा ना! आईला त्रास होतोय."

त्याला मुलगी ऐकूच येत नसावी. तो बायकोकडे बघत होता. चादरीचा बोळा त्याच्याइतकाच तिलाही कळत होता. पाठीखाली तोच तर रुतत होता. तिने डावा हात मागे नेला, चादरीवर हलकेच मूठ आपटली.

"बसला," ती म्हणाली.

शब्द स्वच्छ आला. आयुष्यात पहिल्यांदाच खोटा.

पहारवाल्याने जोर सोडला.