आतोबांचे घनफूट

पाण्याकडे आमच्या आतोबांइतक्या गंभीरपणे पाहणारा माणूस अख्ख्या भोर संस्थानात दुसरा नव्हता. असता, तर दोघांनी मिळून नीरा नदी मोजून संपवली असती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. भाटघरचं धरण नुकतंच भरू लागलं, तेव्हा ते तिथल्या कचेरीत पाण्याची नोंद ठेवायला लागले आणि घनफूट त्यांच्या अंगात शिरला. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच पेटीत मावेल तेवढं पाणी म्हणजे एक घनफूट, हे त्यांनी आंबवड्यापासून विंझरपर्यंत भेटेल त्याला थांबवून समजावलं. आंघोळीलाही ते "अर्धा घनफूट काढ" म्हणत. आत्या बादली भरून ठेवी.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी पाण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं. गाडीवान धोंडिबाने विचारलं, "किती घागरी आनू?"

"चाळीस घनफूट."

"फूट म्हंजी उबं का आडवं?"

झालं! आतोबांनी काठीने जमिनीवर पेटी आखली, धोंडिबाच्या नडगीवर उंची दाखवली आणि शिकवणी सुरू केली. इकडे पंगत बसली. आमटी जाळ होती. व्याह्यांचे डोळे भरून आले, कान लाल झाले आणि ते पानावरून उठायच्या बेतात आले. वडील धावत आले.

"दाजी, पाणी कुठाय?"

"हिशेब झालाय," आतोबा शांतपणे म्हणाले, "आणायचं तेवढं राहिलंय."

शेवटी आत्या आळीतल्या बायकांना घेऊन हंडे, कळश्या, मिळेल त्यातून पाणी घेऊन आली. व्याही तांब्याभर पाणी एका दमात प्याले, कारण कळल्यावर ठसका लागेपर्यंत हसले आणि लग्न वाचलं. पाठवणीला बहीण हुंदके देऊ लागली, तर आतोबा माझ्या कानाशी म्हणाले, "विसर्ग वाढलाय."

त्यांचं स्वतःचं गाव त्या धरणाखाली गेलं होतं, हे मात्र ते कधी बोलले नाहीत. एका वैशाखात पाणी फार उतरलं, तेव्हा आत्याच्या हट्टाखातर आम्ही तिघं तिकडे गेलो. भेगाळलेल्या गाळात एका घराचं जोतं आणि दगडी उंबरा उघडा पडला होता. आत्या आत जाऊन वाकली.

"हितं चूल व्हती," ती म्हणाली.

"व्हय," आतोबा म्हणाले.

मग त्यांनी वहाणा काढून उंबऱ्याशी नीट ठेवल्या आणि भिंती नसलेल्या त्या घरात किंचित वाकून पाऊल टाकलं.