फौजीचा उजवा कान

नोकरीत गुन्ह्यांच्या कितीतरी फायली हाताखालून गेल्या. पण कुंडलकडच्या एका माजी सैनिकाची केस आठवली की मला अजूनही आधी त्याच्या घराचं बंद दार दिसतं. आठ दिवस त्या घरातलं कुणी कामाशिवाय बाहेर पडलं नव्हतं. गिरणीत दळण घेऊन बायको गेली की बाकीच्या बायका गप्प व्हायच्या. मुलीचं लग्न ठरून सुपारी फुटली होती, तिकडच्या पाहुण्यांनी निरोप धाडला, "पोलिसांचं काय ते मिटूद्या, मग बघू." सतरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला गाव चोराचा साथीदार म्हणत होतं.

झालं होतं असं. माझ्या हद्दीतल्या बाजारपेठेत तो एका सराफाच्या दारात रखवालदार होता. भरदुपारी दोघेजण गिऱ्हाईक म्हणून आले आणि बांगड्यांचा डबा उचलून पळाले. सराफ आतून ओरडला, "धर! धर त्यांना!" हा बाजाराच्या गोंगाटात, दुकानाकडं उजवा खांदा करून, स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत राहिला. दोघं त्याच्या उजव्या अंगानं, हातभर अंतरावरून निसटले. मग हा उठला, दोन पावलं पळाला आणि आडवा झाला. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. सराफ म्हणाला, "साहेब, याहून पुरावा काय पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. फौजी दिवसाढवळ्या झुलत चालतो, आणि चोरीच्या दोन दिवस आधी चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाशेजारी बसला होता. झालं, संशय पक्का. तरी मी अटक दाखवली नाही. पडला त्याच दिवशी सरकारी डॉक्टरांनी तपासून 'मद्यप्राशन नाही' असं लिहून दिलं होतं, आणि तो कागद मला टोचत होता.

चौकशीला बोलावलं. माझा हवालदार जुना, तोंडाचा फाटका. तो त्याच्या उजवीकडं उभा राहून विचारू लागला, "टपरीवर कोण हुता तुझ्यासंगं?"

उत्तर नाही.

"बहिऱ्याचं सोंग घेतो व्हय रं? सासरी आलाईस काय?"

तरी उत्तर नाही. मी समोरून तेच विचारलं, तर ताडकन सावधान होऊन म्हणाला, "साहेब, कोन बसलं ते मी बगितलंच न्हाई. चा पिऊन उटलो."

बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. तिला आत घेतलं. ती रडली नाही, उलट हवालदारावरच तुटून पडली. "आवं, दारूचा थेंब न्हाई घेत ह्यो मानूस. दोन वर्सं झाली, उजवा कान गेलाय. शिट्टी वाजतीया म्हनत्यात आत. भिताडाला धरून चालत्यात. त्या बाजूचा गाल बी बधिर लागतो. लसणाचं त्याल घालून दमले मी."

"मग डॉक्टरला का नाही दाखवलं?"

तिच्या आधी तोच बोलला, तेही जरा छाती काढून, "फौजी कान हाय साहेब. फायरिंगनं गेलाय. आमच्याकडं लय जनांचा जातो."

हवालदारानंही मान डोलावली. त्या भागात चार घरांआड एक फौजी. कान गेला तर लोक पदक मिळाल्यासारखं सांगतात, इलाज करत नाहीत. मलाही ते पटलं होतं. मी आटपाडीकडच्या मेंढरं वळणाऱ्या घरातला पहिला पदवीधर. पण पदवी असली म्हणून डोकं रोज चालतंच असं नाही.

खटकलं ते चहा पिताना. आमचा वार्षिक गोळीबार सराव नुकताच झाला होता आणि माझा कान अजून घुमत होता. डावा कान! बंदूक उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीकडं येतो, उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. हे आम्हाला उस्तादांनी सरावातच सांगितलं होतं. मी कप ठेवला आणि त्याला विचारलं, "तुम्ही डावखुरे का?"

"न्हाई साहेब. उजव्या खांद्यानंच मारायचो."

"मग उजवा कान कसा गेला? आणि फौज सोडून आठ वर्षं झाली, कान दोन वर्षांपूर्वी जातो?"

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "आयला, खरंच की साहेब."

त्याच दिवशी स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्याला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, सोबत तोच हवालदार. कानाची तपासणी झाली, मग डोक्याचा एमआरआय. तिथल्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं, "ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर गाठ आहे. अकॉस्टिक न्यूरोमा म्हणतात. कॅन्सर नाही. हळू वाढते, पण आता मेंदूला टेकली आहे. अजून वर्षभर थांबला असता तर जिवावर बेतलं असतं."

मी फोन ठेवला. संशयिताला गाठ निघाली म्हणून सुटल्यासारखं वाटलेला माझ्यासारखा पोलीस दुसरा नसेल.

आता उलट बाजूनं बघितलं. टपरीवरचा माणूस उजवीकडं बसला होता. चहावाल्यानं जबाबात सांगितलं, "तो काय काय विचारत हुता, फौजी वळून बी बघंना." चहावाल्यानं सांगितलेला चेहरा दुकानातल्या कॅमेऱ्यातल्या एकाशी जुळला. दहा दिवसांत दोघं सातारच्या एका लॉजवर सापडले, डबाही मिळाला. त्यातला एक म्हणाला, "साहेब, म्या त्याला दोनदा वाट इच्यारली. ह्या अंगाला त्याला ऐकूच येत न्हाई, हे तवाच कळलं. म्हनून उजव्या बाजूनं निगालो."

चोराला जे एका चहात कळलं, ते आम्ही सगळ्यांनी सोंग म्हणून, दारू म्हणून आणि वर फौजेचा मान म्हणून खपवलं होतं. या केसनं मला शिकवलं ते एवढंच: जे कारण सगळ्यांना पटकन पटतं, त्याचाच जबाब आधी घ्यावा.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. तोंड थोडं वाकडं झालं होतं, तीन-चार महिन्यांत सरळ झालं. उजवा कान परत आला नाही, तो येणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तोल मात्र व्यायामानं आला. सराफ स्वतः त्याच्या घरी गेला आणि चूक कबूल करून त्याला कामावर परत बोलावलं. मुलीचं लग्न ठरलं तिथंच झालं.

दोषारोपपत्रात त्या फौजीचं नाव साक्षीदार म्हणून गेलं. दुकानात शिरताना बघितलेले दोन्ही आरोपी त्यानं न्यायालयात ओळखले, दोघांनाही शिक्षा झाली, आणि तो माणूस आज जिवंत आहे.