वहिनींचा कान

बाजाराच्या मागच्या गल्लीत फ्रेमचं दुकान आहे. तिथल्या मालकीणबाईंना सगळी गल्ली वहिनी म्हणते. खरं तर त्या वहिनी फक्त भाऊजींच्या, म्हणजे दुकानातल्या निम्म्या भागीदाराच्या, धाकट्या दिराच्या. पण ते दिवसभर "वहिनी, काच कुठंय?", "वहिनी, गिऱ्हाईक आलंय!" असा घोष लावतात, मग लोकांना दुसरं नाव कसं सुचणार? लग्नाचे फोटो, पदव्या, गेलेल्या माणसांचे चेहरे, पोरांनी काढलेली चित्रं, जे येईल ते चौकटीत बसवायचं. भाऊजी काच कापतात आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. वहिनी मागच्या खोलीत विजेच्या करवतीवर लाकडी पट्ट्या कापतात आणि कोणाशीच बोलत नाहीत, कारण त्यांच्या कानात पुस्तक चालू असतं.

करवत आधी त्यांचा नवरा चालवायचा. तो गेला आणि करवत वहिनींकडे आली. काम त्या लवकर शिकल्या, पण ती खोली त्यांना खायला उठायची. तेव्हा लेकीने फोनवर एक पुस्तक लावून दिलं. एका मोठ्या घराण्याची गोष्ट होती, अनेक भागांची, आणि वाचणारी एक बाई होती. आवाज ना गोड, ना भारदस्त. शेजारच्या खाटेवर बसून कोणीतरी आपल्याला घडलेलं सांगावं, तसा. वहिनींनी त्या बाईंना कधी पाहिलं नाही, पण त्या वर्षी त्या वेड्या झाल्या नाहीत याचं श्रेय त्या उघडपणे बाईंना देत. बाई म्हणजे या बाई, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा कान चटावल्यावर वहिनींनी मिळेल ते ऐकलं, आणि ऐकता ऐकता त्यांची मतं तयार झाली. मतं कसली, कायदेच. वाचणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या आधी रडू नये. पुरुषाने बाईचं बोलणं वाचताना आवाज बारीक करू नये. "बायका काय शेपटीवर पाय पडल्यासारख्या बोलतात का?" असं त्या विचारत. एक वाचक होते, त्यांचं "प्रकरण सातवं" ऐकून घरात कोणीतरी गेलंय असं वाटायचं. त्यांना वहिनी 'दुखवटा' म्हणत. दुसरा एक तरुण मुलगा प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायचा, त्याचं नाव 'नाटक्या'. आणि दुप्पट वेगाने पुस्तक ऐकणाऱ्या माणसाशी तर त्या बोलायलाही तयार नसत. गिळायचंच आहे तर गोळी गिळा, पुस्तक कशाला, असं त्यांचं म्हणणं.

ही मतं त्या पुस्तकं ऐकायच्या ॲपवर, पुस्तकाखाली लिहीत. खाली नाव 'फ्रेमवाली'. लिहिणं थोडक्यात आणि बिनपाण्याने हजामत करणारं. पण चांगल्याला चांगलंही म्हणत, कुठे चांगलं ते नेमकं सांगत, त्यामुळे लोक फ्रेमवालीचं मत बघून पुस्तक घेऊ लागले. लेक म्हणायची, "आई, तुला दुकानापेक्षा तिथे जास्त गिऱ्हाइकं आहेत."

गेलं वर्षभर मात्र वहिनींच्या लेखी जगात एकही धड वाचक उरला नव्हता. नवे वाचक पुटपुटतात. जुने आळशी झालेत. ॲपच्या कंपनीने ध्वनिमुद्रणाची यंत्रं स्वस्तातली घेतली असणार. गिऱ्हाइकंही तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती, आणि भाऊजींना तर त्यांनी दोनदा सुनावलं, "तोंडात सुपारी ठेवून बोलू नका." भाऊजींनी आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही. पण वहिनींशी वाद घालण्याची हिंमत त्यांच्यात कधीच नव्हती.

अशात त्या घराण्याच्या गोष्टीचा शेवटून दुसरा भाग आला. वहिनी कित्येक दिवस त्याची वाट बघत होत्या. करवत सुरू केली, आवाज पूर्ण वाढवला आणि ऐकायला लागल्या. दुपारपर्यंत त्यांचं तोंड उतरलं होतं. बाईसुद्धा! शब्दांची टोकं गिळत होत्या, हळू वाक्यं तर विरूनच जात होती. दुसरा कोणी असता तर वहिनींनी दोन ओळींत निकाल लावला असता. इथे त्यांना वाईट वाटलं, रागही आला, आपल्या माणसाचा येतो तसा. संध्याकाळी त्यांनी लिहिलं, "बाईंवर माझा जीव आहे म्हणून लिहिते. आता त्यांनी थांबावं. उच्चार सैल पडलेत. शेवटचा भाग दुसऱ्या कोणाला द्यावा." शेकडो लोकांनी माना डोलावल्या. ज्यांना काही खटकलं नव्हतं त्यांनाही आता खटकायला लागलं. थोड्या दिवसांनी कंपनीने जाहीर केलं की शेवटचा भाग नाटक्या वाचणार.

हे वाचून वहिनींना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सुट्टीच्या दिवशी बंद दुकानात त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या आणि त्यांनी बाईंचा पहिला भाग लावला. तो त्यांना तोंडपाठ होता. मोठा भाऊ घरी येतो आणि आईला वाईट बातमी सांगतो, त्याच्या आधी बाई एक लहानसा श्वास घेतात. वहिनींना सगळ्या पुस्तकात तो श्वास सगळ्यात आवडायचा. ती जागा आली. श्वास आलाच नाही. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. भाऊ आला, बातमी सांगितली, मधे काहीच नाही. पुढची वाक्यंही टोकं गिळलेली.

त्यांनी भाऊजींना घरून बोलावून घेतलं. "फाइल बिघडली आहे. ऐका."

भाऊजींनी ऐकलं. "स्वच्छ आहे की."

"श्वास ऐकू येतो?"

"येतो ना. आत्ताच घेतला त्यांनी."

वहिनींनी ती जागा आणखी एकदा लावली. बाई म्हाताऱ्या होऊ शकतात, आळशी होऊ शकतात. पण इतक्या वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केलेला श्वास आता कुठे जाईल? भाऊजींनी मग धीर करून सांगून टाकलं, "वहिनी, रागावू नका. वर्षभर मी तुम्हाला एकेक गोष्ट दोनदा सांगतोय. पहिल्यांदा सांगतो ती तुमच्यापर्यंत पोचतच नाही."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. जाड आवाज शाबूत होते, बारीक, वरच्या पट्टीतले बरेचसे गेले होते. करवतीजवळ काम करता, मग कानाला काय लावता, असं त्यांनी विचारलं. "पुस्तक," वहिनी म्हणाल्या. करवतीच्या वर ऐकू यावं म्हणून आवाज किती ठेवता, असंही विचारलं. वहिनींनी खरं ते सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "करवतीने थोडं नेलं असतं. बाकीचं तुम्ही स्वतः कानात आवाज ओतून घालवलंत."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण वहिनींनी अख्ख्या गल्लीला ऐकवली होती. घरी येताना ती त्यांना स्वतःला लागू पडली आणि त्यांना रस्त्यातच रडू आलं. कानाचं दुःख होतंच. त्याहून जास्त हे होतं की ज्या बाईने आपल्याला सावरलं, तिच्या हातचं काम आपण काढून घेतलं.

कानात लावायची यंत्रं आली. त्याच दिवशी वहिनींनी आपल्या मताखाली लिहिलं, "वरचं माझं मत चूक आहे. दोष बाईंच्या जिभेचा नाही, माझ्या कानांचा आहे. तपासून घेतले आहेत. कोणी हे बाईंपर्यंत पोचवलं तर उपकार होतील." पुढे दुकानाचा नंबर दिला. या वेळी माना डोलावणारं फारसं कोणी नव्हतं. लेक चिडली, "तेव्हा कशी झुंबड उडाली होती!" वहिनी म्हणाल्या, "वाईट बोलणाऱ्याला गर्दी मिळते गं. मलाही त्याचीच चटक लागली होती."

नेहमीसारखीच एक दुपार होती. भाऊजी फोन घेऊन मागच्या खोलीत आले. चेहऱ्यावर असं काही होतं की वहिनींनी विचारायच्या आधीच करवत बंद केली.

"तुम्हीच फ्रेमवाली?" पलीकडून बाईंनी विचारलं.

वहिनींनी माफी घोकून ठेवली होती. त्यातला एकही शब्द आठवला नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाल्या. "तुमचं काम माझ्यामुळे गेलं."

"काम कोणी काढून घेतलं नाही हो. कंपनी मलाच द्यायला तयार होती. मीच नको म्हटलं."

"का?"

"तुम्ही लिहिलंत म्हणून. बाकीचे छान छान म्हणतात, ते मी मनावर घेत नाही. तुम्ही नेमकं लिहिता. मला वाटलं, फ्रेमवाली म्हणते म्हणजे खरंच असणार. मग माईकसमोर बसलं की मला प्रत्येक शब्द गिळल्यासारखा वाटायला लागला. अजून वाटतो."

वहिनी स्टुलावर बसल्या. भाऊजी दारात उभे होते, त्यांना त्यांनी हातानेच बाहेर जायला सांगितलं. "तो मुलगा वाचायला लागला का?"

"पुढच्या आठवड्यात बसणार आहे. कंपनीवाले म्हणतात, अजूनही सांगा. पण माझा माझ्यावर विश्वास नाही राहिला. तुमची चूक कळली, बरं वाटलं. पण मनातून जात नाही."

"पुस्तक आहे का जवळ?"

"समोरच आहे."

"वाचा. आता माझ्या कानात यंत्रं आहेत. काय असेल ते सांगते."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. शब्द आपल्या टोकांसकट येत होते, आणि वहिनींना एवढा आनंद झाला की पहिल्या काही ओळी त्यांच्या लक्षातच राहिल्या नाहीत. मग त्यांना दुसरं काही ऐकू आलं. लांब वाक्यांच्या शेवटी बाईंचा दम पुरत नव्हता. पूर्वी पुरायचा. एवढं काही मोठं नव्हतं, पण होतं. पान संपलं आणि बाई थांबल्या.

या बाईला आता दुखवायचं म्हणजे पाप, असं वहिनींच्या मनात आलं. अप्रतिम, एवढा एक शब्द पुरला असता. तो त्यांच्या जिभेवर आलाही.

"उच्चार स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "पण लांब वाक्यांना तुम्ही दमता. पूर्वी एका दमात जायचात. आता मधे थांबायला हवं. आणि अध्याय बसून सलग वाचू नका, थोडा थोडा वाचा."

वहिनींनी फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"खरंय," बाई म्हणाल्या. "दम लागतो मला. हे कोणीच सांगितलं नाही." आणि त्या हसल्या, अगदी मोकळ्या. "मघाशी तुम्ही छान म्हणाला असतात ना, तर मी फोन ठेवून दिला असता. थांबा हं, पाणी पिते."

घोट गेल्याचा आवाज आला. मग पान उलटल्याचा.

"आता ऐका," बाई म्हणाल्या, "आणि जमलं तर मीच वाचते असं उद्या कंपनीला कळवते." त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, या वेळी सावकाश. बाहेर गिऱ्हाईक आलं होतं. भाऊजी त्याला सांगत होते, वहिनी कामात आहेत.